बिनड्रॉवरचं टेबल : एडीएचडी घेऊन कचेरी आणि घर चालवताना

माझ्या टेबलाला ड्रॉवर नाही. पूर्वी होता. २०२१ च्या दिवाळीआधी मी तो काढून घेतला आणि सरकारी मालमत्ता म्हणून रीतसर रेकॉर्ड रूममध्ये जमा केला. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. नवीन आलेला माणूस टेबलाची ती रिकामी चौकट बघून विचारतो, "मॅडम, मोडला का?" मोडला नव्हता. त्यात मामांची पेन्शनची फाइल अकरा आठवडे पडून राहिली होती.

मी कृष्णाकाठच्या एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. मामा आमचे शिपाई, त्या वर्षी मे अखेर निवृत्त झाले. त्यांचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण त्रुटी लागून परत आलं होतं. एक सही, एक दाखला, फार तर वीस मिनिटांचं काम. "दुपारी करते" म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये सरकवलं. ड्रॉवर बंद झाला आणि माझ्यापुरती ती फाइल जगातून नाहीशी झाली. मामा तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा मी "उद्या नक्की" म्हणाले, आणि तिन्ही वेळा अगदी मनापासून म्हणाले. सप्टेंबरात स्टेपलरच्या पिना शोधताना फाइल हाताला लागली. कारणे दाखवा नोटीस आली, ती वाजवीच होती. मामा एवढंच म्हणाले, "तुमच्याकडं कामं लई असत्यात म्याडम." ते नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

आणि हीच बाई ऑगस्ट २०१९ मध्ये कशी होती ते सांगते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी नैसर्गिक आपत्तीचं संकलन, म्हणजे त्या कामाचं टेबल, बघत होते. चौदा गावांच्या पंचनाम्यांच्या याद्या, छावण्यांची माहिती, दर दोन तासांनी वर पाठवायचा अहवाल. दोन फोन, तीन तलाठी आणि एक जनरेटर एकाच वेळी. मी खुर्चीवर झोपत होते आणि एकही आकडा चुकला नाही. अधिवेशनात तारांकित प्रश्न येतो, संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा म्हणून फोन येतो, तेव्हाही सगळे माझ्याकडेच बघतात. पूर आला की मी हवी असते. कोरड्या मंगळवारी मला नुसतं जावक रजिस्टर पूर्ण करता येत नाही.

हा फरक अनेक वर्षं कुणाला कळला नाही, मला तर नाहीच. "जमतं तेव्हा किती छान जमतं, म्हणजे मनावर घेत नाही," हा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकापासून गोपनीय अहवालापर्यंत वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आहे.

आधी हे काय आहे ते

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणजे लक्ष कमी असणं, असं नावावरून वाटतं. माझ्याकडे लक्ष भरपूर आहे, ते वळवायचं सुकाणू सैल आहे. जे नवीन, तातडीचं, आवडीचं किंवा अंगावर आलेलं असेल तिकडे ते आपोआप धावतं. नुसतं महत्त्वाचं असेल तर धावत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी याला स्वतःवरच्या नियमनाचा दोष म्हटलं आहे. काय करायचं ते माहीत असतं, ते योग्य वेळी करणं घडत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही, इतकं ते माझं होतं.

हे फॅड नवीन आहे असं सासऱ्यांचं मत. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने अशा अस्थिर चित्ताच्या माणसांचं वर्णन करून ठेवलंय, आणि त्यात कुत्र्याच्या भुंकण्यानेही यांचं चित्त ढळतं असा उल्लेख आहे. त्याने आमच्या कचेरीतला शिक्का मारण्याचा आवाज ऐकला नव्हता, एवढंच.

निदानाचे निकष थोडक्यात असे. २०१३ च्या अमेरिकी निकषांनुसार लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ लक्षणं असतात. प्रौढांमध्ये त्यांपैकी एका गटातली निदान पाच लक्षणं किमान सहा महिने दिसावी लागतात. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात. घर, कचेरी, शाळा यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांनी आयुष्यात खरोखर अडथळा आणलेला असावा लागतो. ही शेवटची अट लोक विसरतात. चावी कधीतरी सगळेच विसरतात. प्रौढांमध्ये शंभरात दोन-तीन जणांना हे असतं आणि रक्तातून येण्याचं प्रमाण मोठं आहे. माझ्या वडिलांनी तीन वेळा सायकल बाजारात ठेवून चालत घरी यावं, यात आता मला विनोद कमी दिसतो.

मुलींच्या बाबतीत हे बऱ्याचदा सुटतं. मी वर्गात उड्या मारत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीचा कुणाला त्रास नसतो.

डॉक्टरकडे जाताना

मी मिरजेला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले ते झोप लागत नाही म्हणून. आधीची दोन वर्षं दुसरीकडे नैराश्यावर उपचार झाले होते. नैराश्य खोटं नव्हतं, पण ते वरचं पाणी होतं. या डॉक्टरांनी तासभर नुसतं विचारलं आणि पुढच्या वेळी दोन गोष्टी आणायला सांगितल्या : जुनं प्रगतिपुस्तक आणि आई. तुम्हीही तेच करा. शाळेचे शेरे, लहानपणापासून ओळखणारं एक माणूस, आणि वहीच्या एका पानावर गेल्या सहा महिन्यांतल्या दहा ठोस घटना लिहून न्या. "मी विसरते" असं लिहू नका. "तीन वेळा गॅस चालू ठेवून बाहेर गेले, एकदा कुकर करपला" असं लिहा. डॉक्टरांसमोर बसलं की आपल्याला हमखास काही आठवत नाही, म्हणून लिहून न्यायचं.

रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा फोटो काढून एडीएचडी कळत नाही. तरी माझी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी झाली, कारण थायरॉइडची गडबड, रक्त कमी असणं, अपुरी झोप, घोरण्याबरोबर श्वास अडकणं, चिंता, नैराश्य हे सगळं बाहेरून असंच दिसू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली आहे, पहिली छाननी सहा प्रश्नांची. ती भरून बघायला हरकत नाही, पण तिचं काम "जाऊन दाखवा" इतकंच सांगायचं आहे. मोबाइलवरच्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओवरून स्वतःला चिठ्ठी लावून घेऊ नका. मला तर ते व्हिडिओ बघता बघता चार वाजतात.

कुठे जायचं तेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं.

गोळीबद्दल

गोळी घ्यायची का, कोणती, किती, हे डॉक्टर ठरवतील. मी फक्त व्यवहार सांगते, कारण तो कुणी सांगत नाही.

आपल्याकडे मुख्यतः दोन नावं ऐकू येतात. मिथिलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं. ते घेतल्या दिवशी काम करतं आणि साधी गोळी तीन-चार तासांत उतरते. ते औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये येतं, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि ती त्याला दोन वर्षं जपावी लागते. त्यासाठी वेगळा परवाना लागत असल्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. तिथला मुलगा "असलं आमच्याकडं नसतं" म्हणून विचित्र बघेल. आपण चोर नाही, हे मनाशी पक्कं करून जायचं. दुकान डॉक्टरांनाच विचारा आणि शेवटच्या गोळीची वाट बघू नका. पट्टीतल्या सातव्या गोळीवर मी लाल पेनाने ठिपका काढते. ठिपका आला की चिठ्ठी पर्समध्ये. विसराळू माणसाला दर महिन्याला दोन प्रतींतली चिठ्ठी लागणारं औषध द्यावं, हा शासनाचा विनोद मी शासनातली असून सांगते.

दुसरं अ‍ॅटोमोक्सेटिन. ते उत्तेजक नाही आणि त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. दोन्हींत भूक, झोप, नाडी, रक्तदाब यांवर लक्ष ठेवावं लागतं, हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगावं लागतं, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर तोही.

गोळी काय करत नाही तेही सांगते. पहिल्या दिवशी गोळी घेतली आणि साडेदहा ते बारा मी अत्यंत एकाग्रतेने टाचण्यांची डबी साफ केली. गंजलेल्या वेगळ्या, चांगल्या वेगळ्या. गोळीने सुकाणू हातात दिलं, नाव कुठे न्यायची ते सांगितलं नाही. त्यासाठी खालचं सगळं लागतं.

सहा गठ्ठे, माझ्या मापाने बेतलेले

महसूल खात्यातल्या कुणालाही विचारा, दप्तर लावायची सहा गठ्ठे पद्धत त्याला पाठ असते. २०१७-१८ च्या सुमारास पुणे विभागात झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही काम प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम निघाली तेव्हा आम्ही रात्री थांबून दप्तरं लावली होती. चालू कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचं आणि नष्ट करायचं 'ड' दप्तर, असे सहा गठ्ठे. इतकी वर्षं मी ते शिक्षा म्हणून बांधत आले. निदान झाल्यावर एका रविवारी लक्षात आलं, की कुणीतरी माझ्यासारख्या डोक्यासाठी डोक्याबाहेरचं डोकं तयार करून ठेवलंय. फक्त ते कापडात बांधून कपाटात ठेवायचं नाही. कापडात बांधलं की माझ्यासाठी ते ड्रॉवरसारखंच.

तर मी काय बदललं.

चालू गठ्ठा टेबलावर उघडा, आणि त्यात पाचच फाइली. सहावी आली तर एक उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात गेलीच पाहिजे. प्रत्येक फाइलीवर पिवळी चिठ्ठी आणि तिच्यावर पुढची एक हालचाल, ती हाताने करता येईल अशी. "पेन्शन प्रकरण" असं लिहिलं तर मी दहा दिवस त्या चिठ्ठीकडे बघत बसते. "दाखल्यावर साहेबांची सही घे" लिहिलं तर उठते. चिठ्ठी नामाने सुरू झाली तर फाडून क्रियापदाने लिहा. खाजगी नोकरीत असाल, सगळं काम संगणकावर असेल, तरी हे चालतं. आता आमच्याकडेही ई-ऑफिस आहे आणि पडद्यावरची फाइल दिसेनाशी व्हायला तर ड्रॉवरही लागत नाही. मी पाच ओळी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवते.

प्रतीक्षाधीन गठ्ठा हा सगळ्यात फसवा. "मी पत्र पाठवलंय, आता त्यांच्याकडून येईल" म्हणजे माझ्या डोक्यात ते काम संपलं. म्हणून तिथे फाइल ठेवताना वर तारीख लिहायची : या दिवसापर्यंत उत्तर नाही आलं तर फोन. तीच तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, फोन नंबरासह. नंबर शोधावा लागला तर मी फोन करत नाही, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. आपल्याबद्दलची अशी क्षुल्लक माहिती गोळा करणं हेच निम्मं काम आहे.

नियतकालिकं म्हणजे ठरलेल्या तारखांची कामं. कचेरीत मासिक विवरणपत्रं, घरात वीजबिल, शाळेची फी, विमा, गॅस. ती सगळी एका मोठ्या पुठ्ठ्यावर, एप्रिल ते मार्च, स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला. जी बँकेतून आपोआप कापून जाऊ शकतात ती तशीच लावून द्या आणि विसरा. निदान विसरणं तरी उपयोगी पडू दे. एका वर्षी ३१ जुलै उलटून गेल्यावर प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं आणि ५,००० रुपये विलंब शुल्क दिलं. सगळी कागदपत्रं जूनपासून तयार होती. त्यानंतर विवरणपत्र मी भरत नाही, आमच्या गल्लीतला कर सल्लागार भरतो. त्याची फी त्याहून बरीच कमी आहे.

स्थायी आदेश हा गठ्ठा घरी सगळ्यात कामाला येतो. एकदा ठरवायचं, परत विचार करायचा नाही. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी थालीपीठ. कचेरीच्या पाच साड्या, क्रमाने. गाडीची चावी आत आल्या आल्या खिळ्याला, चप्पल काढायच्या आधी. खिळा चपलांच्या वर मारायचा, कपाटाजवळ नाही. कपाटापर्यंत जाताना वाटेत तीन गोष्टी दिसतात आणि चावी फ्रीजवर राहते. नवऱ्याने सुबक की-होल्डर आणून बैठकीत लावला होता, तो अजून तिथे आहे, रिकामा.

अभिलेख कक्षात पाठवायचा गठ्ठा मी कचेरीत नियमाप्रमाणे पाठवते. घरी नाही जमत, सोडून दिलं. 'ड' मात्र दर शनिवारी. वाचून ठरवायला बसायचं नाही, वाचायला लागले की संध्याकाळ होते.

आत्ता आणि आत्ता नाही

आमच्यासारख्यांच्या घड्याळात दोनच वेळा असतात. सुट्टीच्या अर्जावरची तारीख, मुलाची परीक्षा, तीस दिवसांची मुदत हे सगळं "आत्ता नाही" मध्ये पडतं, आणि एक दिवस धाडकन "आत्ता" मध्ये येतं.

एक आठवडा एवढंच करा. काम सुरू करण्याआधी किती वेळ लागेल तो अंदाज लिहा आणि संपल्यावर खरा वेळ लिहा. माझा "आंघोळ ते गेट" अंदाज होता २५ मिनिटं, खरा निघाला ५५. पंधरा वर्षं मी रोज तीस मिनिटं उशिरा येत होते आणि रोज मला त्याचं आश्चर्य वाटत होतं! आता मी अंदाजाला सरळ दुप्पट करते. टेबलासमोर काट्यांचं घड्याळ आहे. आकड्यांच्या घड्याळात ११:४० हा नुसता आकडा असतो, काट्यांच्या घड्याळात उरलेला वेळ फोडीसारखा दिसतो.

मुदत जवळ ओढायची तर तिला माणूस जोडावा लागतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवस असतात आणि उशीर झाला तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड होऊ शकतो, तोही त्याच्या खिशातून. तरीही तिसाव्या दिवसाची भीती मला पहिल्या दिवशी वाटत नाही. म्हणून अर्ज आला की मी शेजारच्या टेबलावरच्या ताईंना सांगते, "बाराव्या दिवशी मसुदा तुम्हाला दाखवणार." ताईंची भीती मला रोज वाटते. मोबदल्यात मी त्यांची एक्सेल शीट करून देते. एक्सेल मला आवडतं, त्यांना नाही.

ताईंचा आणखी एक उपयोग, हा त्यांना माहीत आहे. कंटाळवाणं काम असेल तर मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ नेते. त्यांनी काही करायचं नाही, त्यांचं काम करायचं. शेजारी कुणी शांतपणे काम करत असलं की माझं बूड टिकतं. घरी कपड्यांच्या घड्या घालताना मी जावेला फोन लावून स्पीकरवर ठेवते, ती तिकडे भाजी निवडते. आम्ही कधीकधी दहा-दहा मिनिटं काही बोलतही नाही.

मध्ये कुणी आलं तर

तहसील कचेरीत दर सात मिनिटांनी कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहतं. मान वर करायच्या आधी मी जिथे होते त्या ओळीवर पेन्सिल आडवी ठेवते आणि कोऱ्या कागदावर पुढचा शब्द लिहिते. पूर्ण वाक्य नाही, नुसता शब्द : "वारस", "बेरीज". मग मान वर. आलेल्या माणसाला ते दोन सेकंद उद्धट वाटतात, मी हाताने "बसा" करते. हे नसेल तर परत आल्यावर मी नवीनच काम सुरू करते.

तोंडी आदेशांचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. साहेब जिन्यात चार कामं सांगतात, वर पोचेपर्यंत माझ्याकडे दीड उरतं. मी आता तिथल्या तिथे म्हणते, "साहेब, मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवते, बरोबर आहे का बघा." यात आजाराचं नाव येत नाही आणि उलट माणूस काटेकोर वाटतो.

नाव सांगावं का? मी कचेरीत दोघांनाच सांगितलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, तेव्हा नाव सांगितलं की आपोआप सवलत मिळेल असं समजू नका. मागायचं ते कामाच्या भाषेत मागा : भिंतीकडची जागा, लेखी सूचना, सकाळचे दोन तास खिडकीची ड्युटी नको. मला यातल्या दोन गोष्टी मिळाल्या.

घरात, विशेषतः गॅस

गॅस चालू असताना स्वयंपाकघराबाहेर जायचं असेल तर हातात पळी घेऊन जायचं. बस. मी पळी घेऊन दार उघडते, पळी घेऊन पार्सल घेते, एकदा पळी घेऊन हळदीकुंकवाचं आमंत्रण घेतलं. हातात पळी असताना तुम्ही सोफ्यावर बसून मोबाइल बघू शकत नाही, आणि बसलात तरी ती टोचते. फोनचा गजर मी पहिल्या आठवड्यातच न बघता बंद करायला शिकले. पळी बंद करता येत नाही.

कुकरच्या शिट्ट्या मोजताना दोन झाल्या की चार ते कळत नाही, म्हणून वाटीत चार शेंगदाणे. शिट्टी झाली की एक खायचा. वाटी रिकामी, गॅस बंद. हे मुलाने शोधलं.

पैशांचं थोडक्यात : ऑनलाइन खरेदीच्या अ‍ॅपमध्ये कार्ड साठवून ठेवू नका. सोळा आकडे टाकायला उठून पर्स आणावी लागली, की माझ्या निम्म्या खरेद्या तिथेच संपतात. आणि दुचाकी चालवताना डोक्यात यादी करू नका. एडीएचडी असलेल्यांमध्ये अपघातांचं प्रमाण जास्त आढळलंय आणि माझ्या डाव्या कोपरावर त्याची खूण आहे. यादी आठवली तर गाडी कडेला घ्या आणि लिहा.

झोप हा माझा अजून न सुटलेला विषय. रात्री अकराला डोकं जागं होतं, जणू ऑफिस तेव्हा उघडतं. सध्या मोबाइल चार्जिंगला सासूबाईंच्या खोलीत असतो. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्या दहाला कडी लावतात, आणि आत्यांची कडी वाजवायची हिंमत माझ्यात नाही.

हे सगळं मोडतं तेव्हा

मोडतंच. कुठलीही पद्धत माझ्याकडे साधारण तीन ते पाच आठवडे टिकते. चिठ्ठ्यांचा पिवळा रंग डोळ्यांना सरावतो आणि त्या भिंतीचा भाग होतात. पूर्वी मला वाटायचं, हेही जमलं नाही, आणि मग मी दोन महिने काहीच करत नसे. आता रंग बदलते. सध्या हिरव्या आहेत. गठ्ठ्यांच्या जागा बदलते, घड्याळ दुसऱ्या भिंतीवर. नवेपणावर चालणारं डोकं आहे, त्याला त्याच पद्धतीचा नवा कपडा घालायचा.

आणि शुक्रवारी साडेचारला दप्तर तपासणी. अर्धा तास, ताई आणि मी, आधी तिचं टेबल, मग माझं. वरिष्ठांच्या तपासणीत असतं तसं टिपण नाही, ओरडणं नाही. ती फक्त एकेक फाइल उचलून विचारते, "याचं पुढं काय?" मला क्रियापद सांगता आलं तर फाइल राहते. नाही सांगता आलं तर तिथेच, तिच्यासमोर, पहिली हालचाल करायची. ज्या आठवड्यात फार पसारा झालेला असतो त्या आठवड्यात मी कारणं काढते, डोकं दुखतंय, एसटी चुकेल. ताई खुर्ची ओढून बसलेली असते.

मामा अजून कधीमधी येतात, हयातीचा दाखला किंवा नुसताच चहा. परवा आले तेव्हा वाकून टेबलाची रिकामी चौकट बघितली. म्हणाले, "म्याडम, ह्यात आता डबा तरी ठेवा की." मी डबा खिडकीत ठेवते. दिसतो तिथे.